संत जोसेफ वाझ : गोमंतकांतील एक मठप्रमुख

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पेपल सेमिनरी या नांवाचें धर्मगुरूंचें विद्यालय आहे, हें आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेल. परंतु हें विद्यालय मूळचें पुण्याचें नव्हे, ही गोष्ट थोड्यांसच माहीत असते. पोप तेरावे लिओ यांनीं तें १८९३ सालीं सिंहलद्वीपांतील कँडी या डोंगरी शहरीं स्थापिलें, आणि तेथून १९५५ सालीं तें पुण्यास आलें. भारतांतील तरुण धर्मगुरु होण्याचें शिक्षण घेण्यासाठीं कँडीस जाऊं लागले, त्याच्या बरोबर दोनशें एक वर्षें आधीं एक भारतीय धर्मगुरु त्याच शहरांत शिपायांच्या पहाऱ्यांत आणला गेला होता. तो हेर आहे अशी राजाकडे चुगली झाली होती. अंगावर जाडेंभरडें वस्त्र, पाय अनवाणी, आणि सोबत घरचा एक सेवक; एवढाच त्याचा परिवार होता. तो सहा वर्षांपूर्वीं गोव्यांतील एका धर्मगृहाचा निवडलेला प्रमुख होता, असें सांगितलें असतें तर त्या शिपायांचा विश्वास बसला नसता. त्या फादर जोसेफ वाझ यांचें चरित्र येथें सांगावयाचें आहे.

युरोपांतील ख्रिस्ती मठांच्या प्रमुखास अ‍ॅबट म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ पिता असा आहे. सहाव्या शतकांत संत बेनेडिक्ट यांनीं मठवासीयांसाठीं नियम लिहिले, तेव्हां मठाधिपतीनें आपल्या हाताखालच्या प्रत्येक जीवाचा हिशेब देवापुढें द्यावयाचा आहे, असें त्यांनीं त्यांत स्पष्ट घातलें. पुढें मठांस जमिनी मिळाल्या, राजे-सरदार दर्शनास येऊं लागले, आणि अ‍ॅबटाचें पद म्हणजे मोठ्या मानाची गादी झाली. गोव्यांत ज्या घराचे फादर वाझ प्रमुख झाले, तें काटेकोर अर्थानें मठ नव्हतें, आणि त्याच्या प्रमुखास अ‍ॅबट हें नांवही नव्हतें. परंतु सामुदायिक जीवन, नेमाची प्रार्थना आणि आपल्यांतून निवडलेला वडीलधारा प्रमुख हीं मठाचीं मुख्य लक्षणें तेथें होतीं. म्हणून आम्हीं त्यांस मठप्रमुख म्हटलें आहे. त्या गादीवर ते एक वर्षही पुरतें बसले नाहींत.

जोसेफचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजीं साष्टी महालांतील बाणावली या गांवीं झाला. हें त्याच्या आईचें गांव. वडिलांचें गांव सांकवाळ. वडिलांचें नांव क्रिस्तोव्हाव वाझ व आईचें मारिया द मिरांदा. दोन्हीं घराणीं सारस्वत कुळांतून ख्रिस्ती झालेलीं, खाऊन-पिऊन सुखी अशीं होतीं. सहा भावंडांत जोसेफ तिसरा. घरची भाषा कोंकणी. सांकवाळच्या शाळेंत तो पोर्तुगीज शिकला, बाणावलीस लॅटिन शिकला, आणि पुढें जुन्या गोव्यांत जेजुइटांच्या सेंट पॉल महाविद्यालयांत व डोमिनिकनांच्या सेंट थॉमस विद्यालयांत त्यानें साहित्य, तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र यांचा अभ्यास केला. १६७६ सालीं आर्चबिशप अंतोनिओ ब्रांदाव यांच्या हस्तें त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. हे आर्चबिशप स्वतः सिस्टर्शियन मठपरंपरेंतील होते.

दीक्षा मिळतांच या तरुण धर्मगुरूनें पायांतले जोडे काढून ठेवले. गोव्यांतील गोरगरीब अनवाणी चालतात, मग आपणही तसेंच चालावें, एवढाच त्यामागील विचार. कोंकणांतील पावसाळा व तापलेला जांभा ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना या निश्चयाची किंमत निराळी सांगावयास नको.

आतां त्या काळच्या गोव्याची एक रीत सांगणें भाग आहे, कारण तिच्यावांचून पुढील हकीकत समजणार नाहीं. जुन्या गोव्यांत त्या वेळीं फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेजुइट, ऑगस्टिनियन अशा अनेक युरोपीय संघांचीं मोठमोठीं मठगृहें होतीं. परंतु या संघांचीं दारें देशी माणसास जवळजवळ बंद होतीं. गोमंतकीय मुलगा कितीही हुशार असो, लॅटिनमध्यें कितीही निपुण असो, त्यानें धर्मगुरु व्हावें, एखाद्या चर्चमध्यें गोऱ्या पाद्र्याच्या हाताखालीं काम करावें, आणि तेवढ्यावर समाधान मानावें, असा प्रघात होता. धर्म एक, देव एक, शिक्षण एक, आणि तरीही पंगती दोन. फादर वाझ यांनीं याविरुद्ध कधीं आवाज उठविल्याचें दिसत नाहीं. त्यांनीं केलें तें निराळेंच होतें.

प्रथम त्यांनीं सांकवाळ येथें मुलांसाठीं लॅटिनची शाळा काढली. प्रवचनांसाठीं व पापनिवेदन ऐकण्यासाठीं त्यांना दूरदूरचीं बोलावणीं येऊं लागलीं. ५ ऑगस्ट १६७७ रोजीं त्यांनीं एक लेख लिहून त्यावर सही केली. त्यांत आपण पवित्र मरियेचे जन्माचे बांधील गुलाम झालों आहों असें त्यांनीं लिहून दिलें. आज हा शब्द केवळ भक्तीचा अलंकार वाटेल. परंतु त्या काळीं गोव्याच्या बाजारांत माणसें विकलीं जात होतीं, आणि श्रीमंतांच्या घरीं गुलाम राबत होते. आपण काय लिहून देत आहों हें सही करणाऱ्याला पुरतें ठाऊक होतें.

याच सुमारास सिंहलद्वीपांतील बातमी त्यांच्या कानावर आली. तेथें पूर्वीं पोर्तुगीजांची सत्ता होती. डच लोकांनीं १६५६ सालीं कोलंबो व १६५८ सालीं जाफना घेतलें, आणि किनाऱ्यावरून पोर्तुगीजांना हुसकावून लावलें. डच हे प्रॉटेस्टंट. त्यांनीं सर्व कॅथलिक धर्मगुरूंना बेटाबाहेर काढलें, आणि जो कोणी अशा धर्मगुरूस थारा देईल त्यास देहान्ताची शिक्षा होईल अशी दवंडी पिटविली. हजारों कॅथलिक कुटुंबें धर्मगुरूवांचून राहिलीं. तीस वर्षें तेथें मिस्सा नाहीं, पापनिवेदन नाहीं, मरणाऱ्याच्या उशाशीं कोणी नाहीं. गोरा पाद्री तेथें पाऊल ठेवतांच ओळखला जाई. काळासांवळा, अनवाणी हिंडणारा मनुष्य मात्र कोणाच्या नजरेंत भरला नसता. गोव्यांत जी कातडी मठाच्या दारांत आडवी येत होती, तीच येथें कामीं येणार होती!

सिंहलद्वीपास जाण्याची परवानगी मात्र लगेच मिळाली नाहीं. वरिष्ठांनीं १६८१ सालीं त्यांना कानडा प्रांताकडे पाठविलें. मंगळूर, बसरूर, गंगोळी, कुंदापूर या भागांत गोव्याहून गेलेलीं अनेक ख्रिस्ती कुटुंबें विखुरलेलीं होतीं. मुलूख केळदीच्या राज्याचा होता व गादीवर राणी चेन्नम्मा होती. याच राणीनें पुढें १६८९ सालीं मोंगलांचा रोष पत्करून छत्रपति राजाराममहाराजांना जिंजीच्या वाटेवर आश्रय दिला, हें इतिहास वाचणाऱ्या विद्यार्थ्यांस स्मरत असेल. फादर वाझ यांनीं तेथें तीन वर्षें पायपीट केली, शाळा काढल्या, पडलेलीं चर्चें उभारलीं.

तेथें एक जुनें भांडणही त्यांच्या वाट्यास आलें. पूर्वेकडील चर्चचे अधिकारी नेमण्याचा हक्क पोर्तुगालच्या राजाचा, असें गोव्याचें म्हणणें. तर रोमनें १६२२ सालीं धर्मप्रसारासाठीं निराळी संस्था काढून स्वतःचे बिशप पाठविण्यास आरंभ केला होता. कानड्यांत रोमनें नेमलेले बिशप होते टोमास द कास्त्रो. हेही गोमंतकीयच. एकाच मातीचे दोन धर्मगुरु दोन दूरच्या सत्तांच्या वतीनें समोरासमोर उभे राहावेत, हा मोठा चमत्कारिक प्रसंग होता. फादर वाझ यांनीं बिशपांचा मान राखला, वाद वाढूं दिला नाहीं, आणि आपलें काम करीत राहिले. १६८४ सालीं ते गोव्यास परतले.

त्या वर्षीं गोव्याची अवस्था बिकट होती. आदल्याच हिवाळ्यांत संभाजीमहाराजांच्या फौजा साष्टी व बारदेश महालांत उतरल्या होत्या, आणि पोर्तुगीज सत्ता बुडतां बुडतां वांचली होती. भयभीत झालेल्या सरकारनें १६८४ च्या जून महिन्यांत एक हुकूम काढला. प्रजेनें तीन वर्षांच्या आंत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावयास शिकावें, असा त्याचा आशय होता. घरांत, शेतांत, बाजारांत आईची भाषा बंद! हा हुकूम अर्थातच कागदावर राहिला. भाषा अशा मरत नसतात. परंतु देशी माणसाची राज्यकर्त्यांच्या मनांत काय किंमत होती, तें त्यावरून कळतें.

अशा वेळीं जुन्या गोव्यांतील एका टेकडीवर, चमत्काराच्या पवित्र क्रुसाच्या चर्चजवळ, कांहीं गोमंतकीय धर्मगुरु एकत्र राहूं लागले होते. त्यांना मठजीवनाची ओढ होती, आणि कोणताही मठ त्यांना घेत नव्हता. फादर वाझ त्यांना जाऊन मिळाले. परंतु नुसतें एकत्र राहणें म्हणजे संस्था नव्हे. नियम हवा, मान्यता हवी, दिनक्रम हवा. रोमांत सोळाव्या शतकांत संत फिलिप नेरी यांनीं ऑरेटरी नांवाची धर्मगुरूंची संस्था काढली होती, आणि तिला १५७५ सालीं पोपची मान्यता मिळाली होती. तिच्यांत आजन्म व्रतांच्या शपथा नव्हत्या. एका छपराखालीं राहावें, एका पंगतीस जेवावें, नेमानें प्रार्थना व प्रवचन करावें, आणि प्रमुख आपणच निवडावा, अशी तिची साधी घडण होती. लिस्बन येथेंही अशी एक ऑरेटरी होती. तिचे नियम फादर वाझ यांनीं मिळविले व येथील मंडळींस लागू केले. २५ सप्टेंबर १६८५ रोजीं गोव्याची ऑरेटरी विधिपूर्वक स्थापन झाली, आणि बांधवांनीं फादर वाझ यांना आपला प्रमुख निवडलें.

या घटनेचें महत्त्व किती म्हणून सांगावें! ज्यांना परक्यांच्या मठांत उभें राहण्यास जागा नव्हती, त्यांनीं स्वतःचा मठ उभारला. भांडून नव्हे, अर्ज-विनंत्या करून नव्हे, तर झाडलोट करून, उपास करून, पाठांतर करून. पोप अकरावे क्लेमेंट यांनीं १७०६ सालीं या संस्थेस मान्यता दिली. लोक तेथील धर्मगुरूंना चर्चच्या नांवावरून मिलाग्रिस्त म्हणूं लागले. एक गोष्ट मात्र खेदानें नमूद केली पाहिजे. जी भिंत या मंडळींनीं ओलांडली, तशीच एक भिंत पुढें त्यांच्या संस्थेभोवतींही उभी राहिली. मूळच्या ब्राह्मण घराण्यांतील धर्मगुरूंनाच तेथें प्रवेश मिळूं लागला, आणि चारडे म्हणविणाऱ्या घराण्यांतील धर्मगुरूंना चिंबल येथें आपला निराळा संघ काढावा लागला. माणसाला स्वतःवरील अन्याय चटकन दिसतो. आपल्या हातून होणारा दिसावयास वेळ लागतो.

संस्था उभी राहिली, घडी बसूं लागली. दुसरा कोणी असता तर आतां स्वस्थपणें मठाचा कारभार पाहत बसला असता, आणि त्यांत कांहीं वावगें झालें नसतें. फादर वाझ यांचें चित्त मात्र सिंहलद्वीपाकडे लागलें होतें. १६८६ सालीं त्यांनीं प्रमुखपद खालीं ठेवलें, बांधवांचा निरोप घेतला आणि दक्षिणेचा रस्ता धरला. सोबत जुवांव नांवाचा घरचा तरुण सेवक होता. वाटेंत तमिळ भाषेशीं परिचय करून घेत ते तुतिकोरीन बंदरास पोहोंचले. येथें त्यांनीं धर्मगुरूचा पोशाख उतरविला व मजुराचा वेष घेतला. दहा वर्षांपूर्वीं कागदावर लिहून दिलेली गुलामी आतां अंगावर चढली. गलबतावरील तो प्रवास हालअपेष्टांचा झाला, आणि १६८७ सालीं ते जाफन्यास उतरले तेव्हां आमांशानें इतके जर्जर झाले होते कीं उभें राहवत नव्हतें. अनोळखी मुलुखांत, रस्त्याच्या कडेला, भिकाऱ्यासारखे ते पडून होते. एक दयाळू बाई त्यांना रोज पेज आणून देई व त्या पेजेवर त्यांचे प्राण वांचले, अशी हकीकत चरित्रकार सांगतात.

बरें वाटूं लागल्यावर नवीच अडचण उभी राहिली. आपले लोक ओळखावयाचे कसे? विचारावें तर पकडले जाण्याचें भय; न विचारावें तर आलों कशासाठीं? फादर वाझ यांनीं गळ्यांत मोठी जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागत हिंडूं लागले. ज्या घरांतील माणसांची नजर त्या माळेवर खिळली, त्या घराची त्यांनीं मनांत नोंद केली. असें करतां करतां एके ठिकाणीं विश्वास पटला, आणि धर्मगुरु आला आहे ही वार्ता कानोकानीं पसरली. तीस वर्षें ज्या घरांनीं चोरून प्रार्थना म्हटल्या होत्या, त्यांच्या आनंदाची कल्पना वाचकांनींच करावी. जाफन्याजवळच्या सिल्लालै या गांवांत कॅथलिकांची वस्ती दाट व निश्चयी होती. त्या गांवानें त्यांना दडविलें. दिवसा लपून राहावें, रात्रीं मिस्सा करावी, मुलांना बाप्तिस्मा द्यावा, लग्नें लावावीं, पापनिवेदन ऐकावें, आणि पहांट होण्यापूर्वीं दुसऱ्या घरीं जावें, असा क्रम दोन वर्षांहून अधिक काळ चालला.

डच अधिकाऱ्यांना सुगावा लागलाच. १६८९ च्या नाताळच्या रात्रीं जाफन्यांत लोक प्रार्थनेस जमले असतां शिपायांनीं घरांवर छापे घातले, मूर्ति फोडल्या, आणि जमलेल्यांस धरून नेलें. धर्मगुरु मात्र हातीं लागला नाहीं. परंतु यापुढें आपल्यामुळें लोकांवर संकट येईल हें जाणून फादर वाझ यांनीं तो प्रांत सोडला व १६९० सालीं ते पुत्तलम् येथें गेले. तें बंदर डचांच्या नव्हे, कँडीच्या राजाच्या अमलाखालीं होतें. तेथून राजधानीकडे जावें, आणि राजाच्याच छायेंत राहून सर्व बेटाची व्यवस्था करावी, असा त्यांचा बेत होता.

तो प्रथम पार फसला. १६९२ सालीं ते कँडीकडे निघाले, तेव्हां दरबारीं असलेल्या एका फ्रेंच प्रॉटेस्टंट गृहस्थानें राजाला कळविलें कीं येणारा मनुष्य पोर्तुगीजांचा हेर आहे. पोर्तुगीजांनीं कँडीच्या राज्यावर पूर्वीं अनेक वेळां स्वाऱ्या केल्या होत्या. राजाचा संशय अगदीं अस्थानीं नव्हता. फादर वाझ व त्यांच्या सोबत्यांना कैदेंत टाकण्यांत आलें. पळून जाण्याचा प्रयत्न करीत नाहींत असें पाहून पहारेकऱ्यांनीं हळूहळू त्यांना मोकळीक दिली. या सक्तीच्या विश्रांतीचा फादर वाझ यांनीं काय उपयोग केला? ते सिंहली भाषा शिकले. मग कैदेच्या आवारांतच त्यांनीं एक झोंपडी उभारली व तिचें चर्च केलें. कँडींतले कॅथलिक तेथें येऊं लागले. लोकांना कैदी भेटावयास येतो हें नवल नाहीं. कैद्याच्या घरीं लोक प्रार्थनेस येतात हें नवल होतें.

येथें राजाविषयींही दोन शब्द लिहिणें न्यायाचें होईल. दुसरा विमलधर्मसूर्य हा १६८७ पासून १७०७ पर्यंत कँडीच्या गादीवर होता. तो निष्ठावान बौद्ध होता. बेटावरील भिक्षुसंघाची परंपरा क्षीण झाली होती, म्हणून त्यानें थेट आराकानांतून भिक्षु आणवून ती पुन्हा सुरू केली. स्वधर्माविषयीं एवढी आस्था असलेल्या राजानें एका परधर्मीय, परदेशी आणि हेर म्हणून पकडलेल्या धर्मगुरूस जवळून पारखलें, आणि पारख झाल्यावर त्याला अभय दिलें. ज्या ख्रिस्ती सत्तेनें किनाऱ्यावर कॅथलिकांची मिस्सा बंद केली होती, तिच्या शेजारीं या बौद्ध राजाचें मन कितीतरी मोठें दिसतें.

राजाचें मन कसें वळलें याविषयीं एक प्रसिद्ध कथा आहे. १६९६ सालीं कँडीच्या राज्यांत मोठें अवर्षण पडलें. भिक्षूंच्या प्रार्थना झाल्या, पाऊस आला नाहीं. तेव्हां राजानें फादर वाझ यांना सांगून पाठविलें. त्यांनीं चौकांत वेदी मांडली, क्रूस उभा केला व गुडघे टेकले; आणि मुसळधार पाऊस कोसळला, पण वेदी मात्र कोरडी राहिली, असें चरित्रकार लिहितात. यांतील भाविकतेचा भाग ज्यानें त्यानें आपल्या श्रद्धेप्रमाणें घ्यावा. त्या सुमारास राजानें त्यांना राज्यभर हिंडण्याची व उपदेश करण्याची परवानगी दिली, ही गोष्ट मात्र निश्चित आहे. मोकळीक मिळतांच त्यांनीं काय करावें? वेषांतर करून ते डचांच्या मुलुखांत शिरले, आणि कोलंबोच्या कॅथलिकांची भेट घेऊन आले.

१६९७ सालीं गोव्याच्या ऑरेटरींतून त्यांच्या मदतीस सोबती आले. दहा वर्षें एकट्यानें काढल्यावर आपल्या घरचीं माणसें दिसलीं. त्यांनीं बातमी आणली कीं कोचीनच्या बिशपांनीं फादर वाझ यांना सिंहलद्वीपाचे व्हिकार जनरल, म्हणजे आपले मुख्य प्रतिनिधि, नेमलें आहे. कामाची आंखणी सुरू होते न होते तोंच कँडींत देवीची सांथ आली.

ही सांथ भयंकर होती. त्या काळीं देवी काढण्याची विद्या नव्हती. एडवर्ड जेन्नर यांचा शोध पुढें शंभर वर्षांनीं लागला. राजा व सरदार राजधानी सोडून गेले. लोकांनीं आजाऱ्यांना घराबाहेर काढलें व रानांत नेऊन ठेवलें, पोटचीं मुलेंसुद्धां. कोणास दोष द्यावा? भयापुढें नातीं टिकत नाहींत. फादर वाझ व त्यांचे भाचे फादर जोसेफ काव्र्हाल्यो हे मात्र शहरांत राहिले. त्यांनीं आजाऱ्यांसाठीं झोंपड्या बांधल्या, रिकामीं घरें मिळविलीं, आणि एकेकाला उचलून तेथें आणलें. जखमा धुवाव्या, पेज भरवावी, घाण काढावी, मेलेल्यांस खांद्यावर नेऊन पुरावें, हें काम दिवसरात्र चाललें. ख्रिस्ती कोण, बौद्ध कोण, हा प्रश्न त्या झोंपड्यांत विचारला गेला नाहीं. सांथ ओसरल्यावर राजानें परत येऊन हें ऐकलें, आणि त्यानंतर फादर वाझ यांच्या कामास दरबारचा अडथळा फारसा राहिला नाहीं. पावसाच्या कथेपेक्षां आमचें मन या हकीकतीवर अधिक बसतें, हें येथें मोकळेपणानें सांगतों.

पुढील वर्षांचा वृत्तांत थोडक्यांत सांगतां येईल, कारण तो मुख्यतः चालण्याचा वृत्तांत आहे. कँडींत नवें चर्च बांधून झालें. बेटाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत, रानांतून, हत्तींच्या व जळवांच्या मुलुखांतून, अनवाणी पायांनीं त्यांनीं खेडीं पालथीं घातलीं. १७०५ सालीं आणखी धर्मगुरु आले, तेव्हां त्यांनीं सर्व बेटाचे आठ विभाग पाडून प्रत्येकावर एकेक धर्मगुरु नेमला. त्या वर्षीं आलेल्यांत दिवाड बेटाचे फादर जाकोम गोंसाल्विश हे होते. फादर वाझ यांनीं हेरलें कीं या तरुणास भाषेचें वरदान आहे. बौद्धांच्या समृद्ध वाङ्मयाशेजारीं ख्रिस्ती लोकांच्या हातीं देशी भाषेंतील कांहीं चांगलें वाचावयास असावें, ही त्यांची इच्छा होती. त्यांनीं त्या तरुणाला लेखनाच्या कामीं लावलें, आणि १७४२ सालीं मृत्यु येईपर्यंत फादर गोंसाल्विश यांनीं सिंहली व तमिळ या भाषांत इतकें लेखन केलें कीं सिंहली कॅथलिक वाङ्मयाचे जनक म्हणून त्यांचा आजही मान होतो. आपल्याकडे फादर स्टीफन्स या इंग्रज गृहस्थांनीं सतराव्या शतकाच्या आरंभीं मराठी पुराण रचलें. शंभर वर्षांनीं गोव्याच्या मुलानें सिंहली लोकांसाठीं तसेंच काम केलें.

१७०५ च्या सुमारासच पोपच्या वकिलांकडून फादर वाझ यांना बिशपपद देण्याची गोष्ट निघाली. त्यांनीं नम्रपणें नकार कळविला. एकदां गादी सोडलेल्या मनुष्यास दुसरी मोठी गादी नको होती, यांत कांहीं आश्चर्य नाहीं. त्यांना हवे होते ते आणखी धर्मगुरु.

अखेर पायांनीं दगा दिला. वय साठीकडे झुकलें होतें, आणि चोवीस वर्षांच्या उपासतापासानें व जागरणांनीं शरीर पोखरलें होतें. आजारी अवस्थेंतही ते प्रवासास निघत. सोबत्यांनीं हट्टानें थांबवावें लागे. १६ जानेवारी १७११ रोजीं कँडी येथें त्यांचें देहावसान झालें. सिंहलद्वीपांत पाऊल ठेवल्यापासून ते पुन्हा सांकवाळास गेले नाहींत, आणि जें घर त्यांनीं टेकडीवर उभारलें होतें, त्याचा उंबराही त्यांनीं पुन्हा पाहिला नाहीं.

त्या घरानें मात्र त्यांना सोडलें नाहीं. गोव्याहून ऑरेटरीचे धर्मगुरु एकामागून एक सिंहलद्वीपास जात राहिले. डच गेले, १७९६ सालीं इंग्रज आले, १८०६ सालीं कॅथलिकांवरील निर्बंध उठले, तरी तेथील कॅथलिकांचा भार गोमंतकीयांच्याच खांद्यावर होता. याच घरांतील फादर सेबास्तियांव द रेगो यांनीं पोर्तुगीज भाषेंत फादर वाझ यांचें चरित्र लिहिलें. तें १७४५ सालीं लिस्बन येथें छापलें गेलें. पुढें पोर्तुगाल सरकारनें १८३४ सालीं आपल्या राज्यांतील धार्मिक संघ मोडून टाकण्याचा हुकूम काढला, तेव्हां ही ऑरेटरीही बंद पडली. उभारणी झाल्यापासून सुमारें दीडशें वर्षें ती टिकली.

पोप दुसरे जॉन पॉल यांनीं २१ जानेवारी १९९५ रोजीं कोलंबो येथें फादर वाझ यांना धन्य म्हणून घोषित केलें, आणि पोप फ्रान्सिस यांनीं १४ जानेवारी २०१५ रोजीं त्याच शहरीं, समुद्रकांठच्या गॉल फेस मैदानावर, त्यांना संतपद दिलें. संतपदासाठीं दुसरा चमत्कार सिद्ध व्हावा लागतो. ती अट पोपनीं त्यांच्याबाबतींत शिथिल केली. श्रीलंकेचे ते पहिले संत होत. त्यांचा सण १६ जानेवारीस सांकवाळ येथें मोठ्या समारंभानें होतो. तेथील जुनें चर्च १८३४ सालीं जळालें. त्याची नक्षीदार दर्शनी भिंत तेवढी एकटी उभी आहे. जुन्या गोव्यांतील टेकडीवर ऑरेटरीच्या चर्चचे अवशेष झाडाझुडपांत आहेत, आणि तेथील चमत्काराचा क्रूस आतां सी कॅथीड्रलमध्यें ठेवला आहे. कँडींत ज्या चर्चमध्यें फादर वाझ यांना मूठमाती मिळाली, तें अठराव्या शतकांतच नष्ट झालें. त्यांची कबर नेमकी कोठें होती, हें आज कोणालाही दाखवितां येत नाहीं.